कोऱ्या तबकडीचा इतिहास



नक्कल करण्याचे साधन ज्याच्या हाती, स्मृतीवर सत्ता त्याची, हे आम्ही कामगार चळवळीतली माणसे चांगले जाणतो. हजेरीपट मालकाच्या कपाटात, आणि आमच्यापाशी केवळ तोंडी आठवण! संगणकाच्या कोऱ्या तबकडीकडे आम्ही पाहतो ते याच दृष्टीने.

१९८२ साली बाजारात आलेली सीडी कारखान्यातच साच्यातून छापली जाई. गाणे असो की पुढे आलेल्या संगणकाच्या फायली असोत, घेणाऱ्याने फक्त ऐकावे, वाचावे, लिहू नये. १९८८ साली जपानच्या तायो युदेन कंपनीने लिहिता येणारी सीडी सिद्ध केली. तीत सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. लेसरचा किरण तो तापवून खुणा उमटवितो, आणि वाचणाऱ्या यंत्राला त्या छापील खळग्यांसारख्याच भासतात. एका तबकडीत सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावे. मात्र उमटलेली खूण पुसता येत नसे. लिहिताना माहितीचा ओघ खंडला, तर आरंभीच्या यंत्रांत अख्खी तबकडी फुकट जाई. हे यंत्र आधी हजारो डॉलरांचे होते. १९९५ मध्ये ते हजाराच्या आत मिळू लागले. कारखान्याची मक्तेदारी मोडली.

परंतु हा रंग उन्हाने विटतो. तायो युदेननेही २०१५ अखेर हे उत्पादन थांबविले. म्हणून घरातल्या नि संघटनेच्या कपाटातल्या जुन्या तबकड्या वेळीच नव्या साधनावर उतरवून घ्या. नाहीतर मालकाच्या कपाटातला कागद तेवढा उरेल, आणि तोच इतिहास ठरेल!