आलिशान विद्युत सेडान स्पोर्ट्स कारची जागा घेऊ शकेल?
मुंबई-मालवण मार्गाच्या कसोटीवर एक तुलना

विजेवर धावणारी चार दरवाजांची आलिशान सेडान वेगाच्या बाबतीत नामांकित स्पोर्ट्स कारला मागे टाकू लागली, त्याला आता काही वर्षे झाली आहेत. त्यामुळे मुंबई-पुण्यातील सधन ग्राहकांपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. हौसेची स्पोर्ट्स कार आणि कुटुंबाची आरामदायी गाडी अशा दोन गाड्या बाळगण्याऐवजी एकच विद्युत सेडान घेतली तर चालेल काय? या प्रश्नाचे उत्तर विक्रीदालनात मिळत नाही. ते रस्त्यावर मिळते. महामार्ग, घाट, किनारा आणि गावातली अरुंद वाट हे सारे एकाच प्रवासात अनुभवायचे असेल, तर मुंबई ते मालवण या सुमारे ५०० किलोमीटरच्या वाटेसारखी दुसरी कसोटी नाही.

वेगाचा जुना वारसा

विजेची मोटार आणि वेग यांचे नाते नवे नाही. जमिनीवरील वाहनाने ताशी १०० किलोमीटरचा टप्पा सर्वप्रथम ओलांडला तो १८९९ साली, आणि ते वाहन विजेचे होते. बेल्जियमच्या कामिल जेनात्झी याने फ्रान्समध्ये ‘ला जामे कोंतांत’ नावाची तोफगोळ्याच्या आकाराची गाडी ताशी १०५ किलोमीटरहून अधिक वेगाने चालवली. पुढे पेट्रोल इंजिनाने बाजी मारली, कारण बॅटरीत साठणारी ऊर्जा तुटपुंजी होती. लिथियम-आयन बॅटरीने हे चित्र पालटले.

महाराष्ट्राचाही या घडामोडीत वाटा आहे. मर्सिडीज-बेंझची ‘ईक्यूएस ५८०’ ही आलिशान विद्युत सेडान सप्टेंबर २०२२ मध्ये भारतात आली, आणि तिची जुळणी पुण्याजवळच्या चाकण येथे झाली. १०७.८ किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी असलेल्या या गाडीला पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने एका चार्जिंगमध्ये ८५७ किलोमीटर पल्ल्याचे प्रमाणपत्र दिले. ऑडीची ‘ई-ट्रॉन जीटी’ आणि पोर्शेची ‘टायकान’ या क्रीडाप्रकृतीच्या विद्युत गाड्या २०२१ मध्येच भारतीय बाजारात दाखल झाल्या होत्या.

आकडे काय सांगतात?

विद्युत मोटरला वेग पकडण्यासाठी इंजिनासारखे फेरे वाढवावे लागत नाहीत. पेडल दाबताक्षणी तिची पूर्ण पिळाची ताकद चाकांना मिळते. त्यामुळे अडीच टनांहून जड असलेली ईक्यूएस साडेचार सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. काही वर्षांपूर्वी हा आकडा केवळ निवडक स्पोर्ट्स कारच्या नावावर असे.

मात्र सरळ रेषेतला वेग म्हणजे स्पोर्ट्स कार नव्हे. जर्मनीतील न्यूर्बर्गरिंग हा सुमारे २०.८ किलोमीटरचा वळणावळणाचा मार्ग मोटारींची परीक्षा घेण्यासाठी प्रसिद्ध आहे. २०२५ मध्ये चीनच्या शाओमी कंपनीच्या ‘एसयू७ अल्ट्रा’ या चार दरवाजांच्या विद्युत सेडानने तेथे ७ मिनिटे ४.९५७ सेकंदांची वेळ नोंदवली. त्याच वर्षी पोर्शेच्या ‘९११ जीटी३’ या पेट्रोल स्पोर्ट्स कारने हाताने गिअर बदलत ६ मिनिटे ५६.२९४ सेकंदांत फेरी पूर्ण केली. पहिलीची शक्ती १,५०० अश्वशक्तीहून अधिक, तर दुसरीची जेमतेम ५१०. तिप्पट शक्ती असूनही सेडान आठ सेकंदांहून अधिक मागे राहिली. याचे मोठे कारण वजन. जीटी३ दीड टनाच्या आतबाहेर आहे, तर सेडान तिच्याहून सुमारे ९०० किलोंनी जड आहे. वजन वेग घेताना शक्तीने झाकता येते, परंतु वळणावर आणि ब्रेक लावताना ते लपत नाही.

महामार्गावर

मुंबई-गोवा महामार्गाचा सिंधुदुर्गातील टप्पा चौपदरी झाला आहे. रायगड जिल्ह्यातील रखडलेल्या कामांमुळे अनेक चाकरमान्यांनी वर्षानुवर्षे पुणे-कोल्हापूरमार्गे जाऊन फोंडा, करूळ किंवा आंबोली घाट उतरण्याचा लांबचा मार्ग पत्करला. कोणताही मार्ग निवडला तरी एक गोष्ट समान आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौपदरी महामार्गांसाठी ठरवलेली मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. या मर्यादेत स्पोर्ट्स कारची खरी ताकद वापरलीच जात नाही. शांतता, आरामदायी बैठक, पाच माणसे आणि गणपतीच्या मखराचे सामान मावेल एवढी जागा यांचेच मोल येथे अधिक ठरते. या टप्प्यावर विद्युत सेडान निर्विवाद सरस आहे.

पल्ल्याचा हिशेब मात्र जपून करावा लागतो. प्रमाणित आकड्याच्या दोन-तृतीयांश पल्ला प्रत्यक्षात मिळेल असे धरून चालणे शहाणपणाचे. त्यानुसार ८५७ किलोमीटरचे सुमारे ५७० किलोमीटर होतात. म्हणजे मुंबईहून पूर्ण चार्ज करून निघालेली अशी गाडी मालवणला पोहोचेल, पण हाती फारसे काही उरणार नाही. महामार्गालगतच्या काही हॉटेलांत आणि पेट्रोल पंपांवर जलद चार्जरची सोय झाली आहे. तरीही गणेशोत्सवाच्या किंवा मे महिन्याच्या गर्दीत तेथे रांग लागण्याची शक्यता गृहीत धरूनच निघावे.

घाटात कोण पुढे?

घाट म्हणजे स्पोर्ट्स कारचे माहेर. हलके वजन, नेमके स्टिअरिंग आणि हाताशी असलेला गिअर यांचा आनंद वळणावरच मिळतो. विद्युत सेडानची बॅटरी तळाशी असल्याने तिचा गुरुत्वमध्य खाली राहतो आणि ती वळणावर कलत नाही, हे खरे. तथापि पाच मीटरहून लांब आणि अडीच टनी गाडी आंबोलीच्या नागमोडी वळणांवर नाचवता येत नाही. पावसाळ्यात दाट धुके, ओला रस्ता आणि धबधब्यापाशी झालेली गर्दी असताना तसे करणेही अनुचित.

उतारावर मात्र विजेची गाडी वेगळाच फायदा देते. पेट्रोलची गाडी घाट उतरताना मिळणारी ऊर्जा ब्रेक आणि इंजिनात उष्णतेच्या रूपाने वाया घालवते. विद्युत गाडीची मोटर उतारावर जनित्राचे काम करून ती बॅटरीत परत भरते. प्रवाशांसह २,७०० किलो वजनाची गाडी सुमारे ६०० मीटर खाली उतरली, तर साधारण साडेचार युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातील दोन-तृतीयांश परत मिळाली तरी ती तीन युनिट, म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटरची बेगमी. घाटमाथ्यावरच बॅटरी काठोकाठ भरून घेतली, तर हा लाभ मिळत नाही, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच उरत नाही. घाट उतरण्यापूर्वी बॅटरीत थोडी जागा राखावी, ती यासाठीच.

किनाऱ्यावर आणि गावात

महामार्ग सोडून कसाल किंवा कुडाळहून मालवणकडे वळले की रस्ता अरुंद होतो. तारकर्ली, देवबाग, आचरा भागात दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट आणि घराच्या खळ्यात शिरताना चढ-उतार, असे चित्र सर्रास दिसते. जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार येथे हमखास खाली घासते. काही आलिशान विद्युत सेडानमध्ये एअर सस्पेन्शनच्या साह्याने गाडी सुमारे २५ मिलिमीटर उचलता येते. लांबी-रुंदीची अडचण मात्र तिलाही चुकत नाही.

खाऱ्या हवेचा त्रास दोघींनाही होतो. विद्युत गाडीत बॅटरी आणि मोटर बंदिस्त असतात. परंतु मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्याने ब्रेकच्या तबकड्या कमी वापरल्या जातात, आणि किनाऱ्यावर त्यांवर गंज लवकर चढतो. अधूनमधून सुरक्षित जागी जोराने ब्रेक लावून त्या स्वच्छ ठेवणे हाच उपाय.

खरी कसोटी विजेची आहे. १५ ॲम्पिअरच्या घरगुती प्लगवर सुमारे ३ किलोवॉट दराने एवढी मोठी बॅटरी रिकाम्यापासून भरायला ३६ तासांहून अधिक वेळ लागतो. ७.४ किलोवॉटचा चार्जर बसवल्यास हेच काम १५ ते १६ तासांत होते. मात्र त्यासाठी महावितरणकडून वाढीव जोडभार मंजूर करून घ्यावा लागतो आणि योग्य अर्थिंग करावे लागते. गावातील कमी दाबाच्या वीजवाहिनीवर हा भार लहान नाही. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळानंतर किनारपट्टीतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी घरातील आजारी माणसाला कुडाळ, ओरोस किंवा गोव्याच्या रुग्णालयात न्यावे लागले, तर गाडीत किती चार्ज शिल्लक आहे हा प्रश्न हौसेचा राहत नाही. पावसाळ्यात गावी असताना बॅटरी निम्म्याखाली येऊ न देणे हिताचे.

खर्चाची बाजू

कराच्या दृष्टीने विद्युत गाडीचे पारडे जड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या रचनेनुसार मोठ्या पेट्रोल मोटारींवर ४० टक्के, तर विद्युत मोटारींवर ५ टक्के जीएसटी आहे. शिवाय बहुतेक स्पोर्ट्स कार पूर्णपणे तयार स्थितीत परदेशातून येत असल्याने त्यांवर भरघोस आयात शुल्क पडते. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विद्युत मोटारींना टोलमाफी देण्यात आली.

इंधनातील तफावतही मोठी आहे. लिटरला ८ किलोमीटर धावणाऱ्या स्पोर्ट्स कारला मालवणपर्यंत ६० लिटरहून अधिक पेट्रोल लागते, म्हणजे सहा हजार रुपयांच्या वर खर्च. विद्युत सेडानला सुमारे ९५ युनिट पुरतात. युनिटला १० रुपये धरले तर हा खर्च हजाराच्या आत राहतो. सार्वजनिक जलद चार्जरवर तो साधारण दुप्पट होतो.

निष्कर्ष

स्पोर्ट्स कार या एकाच नावाखाली दोन प्रकार मोडतात. लांबचा पल्ला वेगाने आणि ऐटीत कापणारी दणकट गाडी हा पहिला. तिची जागा आलिशान विद्युत सेडानने जवळपास घेतलेली आहे. हलकी, लहान, चालकाच्या हातापायांशी बोलणारी गाडी हा दुसरा प्रकार. तिला अद्याप पर्याय नाही. खुद्द निर्मात्यांनीही हे ओळखले आहे. पोर्शेने २०२४ मध्ये ‘९११’ पूर्ण विजेवर न नेता तिला संकरित इंजिनाची जोड दिली. लॅम्बोर्गिनीने आपली पहिली विद्युत गाडी दशकाच्या अखेरीपर्यंत पुढे ढकलल्याचे त्याच वर्षी स्पष्ट केले. फेरारीने मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या पहिल्या विद्युत मोटारीचे तांत्रिक तपशील जाहीर केले.

वर्षातून चार वेळा कुटुंबासह गावी जाणाऱ्या आणि घरी चार्जरची सोय असलेल्या मालकाला एकाच विद्युत सेडानवर निभावता येईल. रविवारी पहाटे रिकाम्या घाटात एकट्याने गाडी चालवण्यासाठीच जो स्पोर्ट्स कार बाळगतो, त्याने ती विकण्याची घाई करू नये. दोघांनीही निर्णयापूर्वी एकदा आपल्या गावच्या घराची वाट टेपने मोजावी आणि तिथल्या वीजमीटरचा जोडभार तपासावा.