जबड्यातली खिडकी

जबड्यात ‘सिस्ट’ आहे म्हटलं, तर रुग्ण विचारतो, ‘कधी काढायची?’ ‘ट्यूमर’ म्हटलं, की घरच्यांचे चेहरे उतरतात. मी तोंडाच्या शस्त्रक्रिया करतो, म्हणून हे नेहमी पाहतो. पण एका गाठीला ही दोन्ही नावं आलटून पालटून मिळाली आहेत.

ती म्हणजे केरॅटोसिस्ट. १९५६ साली डेन्मार्कच्या फिलिप्सेन यांनी तिचं हे नाव ठेवलं. दात घडवून झाल्यावर मागे उरलेल्या पेशींपासून ती बनते, बहुधा खालच्या जबड्यात, अक्कलदाढेच्या आसपास. मोठी लबाड! गाल न फुगवता हाडाच्या आतल्या आत लांबवर पसरते. पुष्कळदा भलत्याच दातासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये सापडते. एक्स-रेवर मात्र विसंबता येत नाही. अमेलोब्लास्टोमा नावाचा ट्यूमर अगदी असाच दिसू शकतो आणि त्याला बहुधा भोवतालच्या हाडासकट काढावं लागतं. म्हणून आधी तुकडा तपासायचा.

केरॅटोसिस्टचं अस्तर पातळ, चटकन फाटणारं. कण राहिला तरी गाठ पुन्हा उगवते, कधी कधी कित्येक वर्षांनी. पुढे तिच्यात जनुकातला बिघाडही सापडला. तेव्हा २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती ट्यूमर ठरली.

पण ब्रेस्लाऊचे शल्यविशारद कार्ल पार्च यांनी १८९२ सालीच, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधाआधी तीन वर्षं, जबड्यातल्या सिस्टसाठी एक साधा उपाय मांडला होता. पिशवी उपटायची नाही. तोंडाच्या बाजूने तिला खिडकी पाडायची. आतला दाब गेला, की हाड हळूहळू भरून येतं. केरॅटोसिस्टवर हाच उपाय केला, तेव्हा पोकळी आकसलीच, शिवाय पुष्कळांचं अस्तरही बदलून तोंडातल्या साध्या अस्तरासारखं झालं. ट्यूमर असा वागत नाही. २०१७ साली तिला पुन्हा सिस्ट म्हटलं गेलं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा अर्धा जबडा पोखरलेला असतो, तेव्हा ही खिडकी फार मोलाची. ओठाला संवेदना देणारी नस वाचते, हाड वाचतं. मात्र महिनोन्‌महिने रोज पिचकारीने ती पोकळी धुवायची, आणि हे काम घरीच करायचं असतं. पोकळी लहान झाली, की उरलेली पिशवी काढतो. त्यानंतरही वर्षानुवर्षं एक्स-रेसाठी यावं लागतं. दुखत नाही म्हणून लोक येणं थांबवतात, तिथेच माझा त्यांच्याशी वाद होतो.