मोफत प्रशिक्षण, पुढे नोकरी : ग्रामीण कौशल्य योजनेत नाव घालण्याआधी हे वाचा

शाळा सुटलेलं पोरगं घरी बसलंय आणि दिवाळी झाली की आई-बापाबरोबर ऊसतोडीला जाणार, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. अशाच घरांतल्या तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. केंद्र सरकारने ती २५ सप्टेंबर २०१४ रोजी जाहीर केली. आपल्या राज्यात ती 'उमेद' अभियानामार्फत चालते.

वयाची अट १५ ते ३५. महिला, दिव्यांग, तृतीयपंथी आणि कातकरी, कोलाम, माडिया गोंड या आदिम जमातींना ४५ पर्यंत सवलत आहे. घर दारिद्र्यरेषेखालचं असावं, किंवा अंत्योदय रेशनकार्ड असावं, किंवा घरातलं कुणी बचत गटात असावं. रोजगार हमीवर मागच्या वर्षी किमान १५ दिवस काम केलेलं कुटुंबही चालतं. निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि एक तृतीयांश महिलांसाठी ठेवायच्या असतात.

प्रशिक्षण ३ ते १२ महिन्यांचं. फी नाही. निवासी केंद्र असेल तर राहणं-जेवणही मोफत. फॉर्मसाठी किंवा 'सीट पक्की' करायला कुणी पैसे मागितले, तर तो माणूस योजनेचा नाही असं समजा आणि पंचायत समितीत सांगा.

खरी गोम पुढे आहे. प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी किमान ७० टक्के मुलांना नोकरी लावून देणं केंद्रावर बंधनकारक आहे. पण मूळ नियमात किमान पगार धरला होता महिना ६,००० रुपये. पुण्यासारख्या शहरात खोलीभाडं आणि डबा यातच तेवढे जातात. घरी पाठवायचं काय? म्हणून पोरं दोन महिन्यांत परत येतात आणि गाव म्हणतं, पोरात दम नाही. दम असतो हो, हिशेब बसत नसतो.

तेव्हा नाव घालण्याआधीच केंद्रवाल्यांना विचारा : मागच्या बॅचची मुलं कुठल्या गावात, कुठल्या कंपनीत आहेत? त्यातल्या दोघांचे फोन मागा आणि स्वतः बोला. नोकरीचं पत्र कंपनीचं मिळणार की ठेकेदाराचं? पगार हातात किती पडणार? पीएफ कापतात का? कापत असतील तर पोराला यूएएन नंबर मिळालाच पाहिजे. पगार २१,००० पर्यंत असेल आणि कारखाना ईएसआयखाली येत असेल, तर दवाखान्याची सोयही असते. मुलगी जाणार असेल तर राहायची जागा आईने किंवा मोठ्या भावाने एकदा बघून यावी. यात लाजायचं काही नाही.

नोकरी लागल्यावर सुरुवातीच्या काळात महिना १,००० रुपये मदतीची तरतूद आहे : जिल्ह्यातच काम असेल तर २ महिने, राज्यात ३, राज्याबाहेर ६. हे पैसे बरेच जण मागतच नाहीत.

नावनोंदणीसाठी पंचायत समितीतला उमेदचा कक्ष गाठा, किंवा बचत गटाच्या सीआरपी ताईंना विचारा. 'कौशल पंजी'वर मोबाइलवरूनही नाव घालता येतं. आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक जवळ ठेवा.

ज्याला गाव सोडणं जमत नाही, त्याने जिल्ह्यातली आरसेटी बघावी. बँका चालवत असलेल्या या संस्थेत शेळीपालन, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती असे छोटे निवासी कोर्स मोफत असतात, आणि धंद्यासाठी बँकेच्या कर्जाचा अर्जही तिथूनच पुढे जातो.