उघडा दगड आणि चुन्याचा रंग

काळ्या पाषाणातील जैनथचे मंदिर पाहत वाढलेल्या आपल्यासारख्या आदिलाबादकर मराठी माणसांना उघडा दगड म्हणजेच प्राचीनता, असे सहज वाटते. जुने गोवे येथील बॉम जीझस बॅसिलिकेच्या तांबूस भिंतींसमोर उभे राहिल्यावरही मनात हाच भाव येतो. परंतु तो तांबूस रंग चारशे वर्षांचा नाही; तो गेल्या शतकातला आहे.

या चर्चचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये त्याचा अभिषेक झाला. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव येथेच आहे. भिंती स्थानिक जांभ्याच्या. दर्शनी भागातील कोरीव कामाचा काळा दगड मात्र वसईहून आणलेला. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेली वसई त्या काळी पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती. जांभ्यावर चुन्याचा गिलावा व पांढरी सफेदी होती. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवण्याचा आणि घरे निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांत रंगविण्याचा संकेत होता. शुभ्रतेवर काळ्या दगडाची नक्षी, हे या वास्तूचे मूळ रूप.

१९५२ साली झेवियर यांच्या निधनाला चारशे वर्षे पूर्ण होत होती. त्या सुमारास पोर्तुगीज वास्तुविद बाल्ताझार कास्त्रो यांनी हा गिलावा काढून टाकला. वास्तू अधिक प्राचीन दिसावी, हा त्यामागील हेतू होता. वास्तविक प्राचीन होता तो गिलाव्याचा संकेत. नवीन होती ती उघड्या दगडाची आवड.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागल्यावर कठीण होतो. पण तो सच्छिद्रच राहतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तो थेट अंगावर झेलणारा जांभा हळूहळू झिजतो. शिंपल्यांच्या चुन्याचा लेप पाऊस अडवी आणि आत शिरलेली ओल बाहेरही जाऊ देई. लेप झिजला की पावसाळ्यानंतर पुन्हा देता येतो. झिजलेला दगड परत येत नाही. सिमेंटचा लेप मात्र ओल आतच कोंडतो.

निगा सुटल्यावर काय होते, याची साक्ष जवळच सेंट ऑगस्टीनचा मनोरा देतो. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर ती वास्तू ओस पडली. १८४२ मध्ये छत कोसळले आणि १९३१ मध्ये ४६ मीटर उंच मनोऱ्याचा निम्मा भाग ढासळला.

२०२० मध्ये बॅसिलिकेच्या धर्मगुरूंनी गिलावा पुन्हा द्यावा, अशी जाहीर मागणी केली. याउलट, दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत तांबूस रूपच ठसले आहे आणि १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत ही वास्तू याच रूपात गेली, असाही पक्ष मांडता येतो. तो अगदीच निराधार नाही. तथापि डोळ्यांची सवय राखावी की दगड राखावा, असा प्रश्न आला तर उत्तर दगडाच्याच बाजूने द्यावे लागेल.

आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या भिंती खरवडून दगड ‘मोकळा’ करण्याची हौस आता दिसू लागली आहे. खरवडण्यापूर्वी एवढेच विचारावे, की पूर्वजांनी तो चुना कशासाठी लावला होता?