माजी सैनिकांसाठी टेस्टोस्टेरॉन उपचार
वृषणांत पुरेसे टेस्टोस्टेरॉन तयार होत नसल्यास ते इंजेक्शन, जेल किंवा त्वचेवरील पट्टीद्वारे बाहेरून पुरविण्याची पद्धती. अमेरिकी माजी सैनिकांत या न्यूनतेमागे कधीकधी रणभूमीच असते : स्फोटाने मेंदूला इजा झाली, की पियुषिका ग्रंथी मंदावू शकते आणि वृषणांना जाणारा संदेशच क्षीण होतो. जुनाट वेदनेवर दीर्घकाळ घेतलेल्या अफूवर्गीय औषधांनीही टेस्टोस्टेरॉन घटते. थकवा, खिन्नता, मंदावलेली कामेच्छा ही लक्षणे आघातोत्तर तणावातही दिसतात. म्हणून वेगवेगळ्या दिवशी सकाळी दोनदा रक्त तपासल्याशिवाय निदान करू नये. माजी सैनिक विभागाच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१८ मध्ये उपचारापूर्वीच्या तपासण्यांतील त्रुटींवरच बोट ठेवले. उपचाराने शुक्राणुनिर्मिती खुंटते, हे अपत्य हवे असलेल्या तरुणाला आधीच सांगणे अत्यावश्यक. रक्त दाट होत नाही ना, हेही पाहावे लागते.