‘कृष्णविवर’ कुणाच्या अक्षरात?

मैत्रिणींनो, कसालात आपण मुलांना अवकाशसफरीची चित्रांची पुस्तकं वाचून दाखवतो. मराठीत अशा गोष्टींना मान आला, त्यात एका बाईच्या अक्षराचाही वाटा आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरं, पण उलटी! हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली पत्नी मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस मिळालं. १९७५च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. मंगलाताई मात्र नुसत्या लेखनिक नव्हत्या. त्या स्वतः गणितज्ञ, मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या. अवकाशाच्या पुस्तकांशेजारी आपण तेही ठेवू.