हिवाळ्यातली सकाळची शाळा आणि मोबाइलवरचा अभ्यास : पालकांनी काय पाहावे?

डिसेंबर लागला की पाचोऱ्यात दवाखान्यात येणाऱ्या पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "डॉक्टर, एवढ्या थंडीत सकाळच्या शाळेला पाठवू का?" आणि "शाळेतून मोबाइलवर अभ्यास येतो, डोळे खराब होतील का?" पालक हे प्रश्न वेगवेगळे विचारतात. मुलाला मात्र दोन्हींचा त्रास एकाच ठिकाणी होतो, तो म्हणजे झोपेत. रात्री मोबाइलमुळे झोप उशिरा लागते आणि सकाळी घंटेमुळे ती लवकर मोडते. शाळेची वेळ बदलल्याचा निरोप आला तर तुमच्या मुलाला त्याचा खरोखर फायदा होतोय का, आणि कोणत्या मुलांच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही, हे या लेखात पाहू.

सात वाजताही अंधार का असतो?

भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालते आणि पाचोरा त्याच्या सुमारे सात अंश पश्चिमेला आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा जवळजवळ अर्धा तास मागे असतो. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाचोऱ्यात सूर्योदय सात वाजून गेल्यावरच होतो. नागपूरला तो साधारण पाव तास आधी होतो. सातची घंटा असेल तर आपले मूल अंधारात उठते, अंधारात आवरते आणि दिवसातल्या सगळ्यात थंड वेळी रस्त्यावर असते, कारण तापमान सर्वांत खाली जाते ते सूर्योदयाच्या सुमारास.

खानदेश म्हटले की उन्हाळाच आठवतो, म्हणून घरात गरम कपडे बेताचेच असतात. पण इथली हवा कोरडी आहे. पहाटे दहा अंशांच्या आसपास आणि दुपारी तिशीच्या घरात, असा फरक एकाच दिवसात पडतो. सकाळी एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला. मधल्या सुट्टीत एकेक काढता येतात. मोटारसायकलवर पुढे टाकीवर बसवलेल्या मुलाला वारा सगळ्यात जास्त लागतो. त्याचे कान, नाक आणि छाती झाका, किंवा त्याला मागे दोघांच्या मध्ये बसवता येते का ते पाहा.

मुलाला झोप किती लागते?

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसभरात ९ ते १२ तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास आणि बालवाडीच्या वयात दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते. आता हिशेब करा. नगरदेवळा किंवा पिंपळगाव हरेश्वरहून पाचोऱ्याला शिकायला येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला सव्वासहाची एसटी पकडायची असेल, तर तिला पाच-सव्वापाचला उठावे लागते. नऊ तास झोप मिळायची तर ती सव्वाआठला झोपायला हवी. पण कापूस वेचणीच्या दिवसांत आई शेतातून येते सातला, स्वयंपाक आठला, जेवणे नऊला. म्हणजे मुलगी झोपते दहाला आणि रोज दोन तासांची झोप कमी पडते. शनिवार-रविवारी ती भरून निघत नाही. शिवाय अनेक जिल्हा परिषद शाळा इतर दिवशी दहा-साडेदहाला भरतात, पण शनिवारी सकाळच्या असतात. त्यामुळे आठवडाभर उशिरा उठणाऱ्या मुलाला त्या एकाच दिवशी धक्का बसतो.

मोठा माणूस झोप कमी झाली की पेंगतो. मूल मात्र चिडते, हट्ट करते, वर्गात लक्ष देत नाही, सकाळी पोट दुखते म्हणते. "हा अभ्यासात मागे पडला, टॉनिक द्या," असे सांगत आणलेल्या मुलांपैकी कित्येकांना टॉनिकची गरज नसते. मी आधी झोपण्या-उठण्याची वेळ विचारतो. पालकांना तो प्रश्न थोडा बिनकामाचा वाटतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

नववी-दहावीच्या मुलांचे आणखी वेगळे आहे. वयात येताना शरीरात झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते. दहाच्या आत त्यांना झोप येत नाही, हा आळस नव्हे. याच कारणाने अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली.

शासनाने काय ठरवले आहे?

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळा बदलाव्यात, असे सुचवले. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्व प्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असे ठरले. हे सर्व माध्यमांच्या आणि सर्व व्यवस्थापनांच्या शाळांना लागू आहे. ज्या शाळेला दोन सत्रांमुळे किंवा इमारतीमुळे ते जमत नाही, तिने शिक्षणाधिकाऱ्यांकडून परवानगी घ्यायची असते. तुमचे मूल चौथीपर्यंतच्या वर्गात असेल आणि शाळा सातला भरत असेल, तर मुख्याध्यापकांना याबद्दल विचारायला संकोच करू नका. पाचवीपासून पुढच्या मुलांना हा निर्णय लागू नाही. माझ्या मते झोपेची गरज त्यांनाही तितकीच आहे.

मिळालेला अर्धा तास जातो कुठे?

शाळा अर्धा तास उशिरा भरू लागली तर तो वेळ झोपेत जायला हवा. बऱ्याच घरांत तो मोबाइलमध्ये जातो. यात नुसता मुलांचा दोष नाही. घरात मोबाइल एकच, तो वडिलांकडे. वडील येतात रात्री आठ-नऊला. शाळेच्या ग्रुपवर दुपारी आलेला अभ्यास, व्हिडिओ, उद्याच्या वेळेचा निरोप, सगळे तेव्हा उघडते. मूल साडेनऊला अंथरुणात पडून गणिताचा व्हिडिओ पाहते. त्यापाठोपाठ दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि तो गणिताचा नसतो.

डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने मेलाटोनिन दबते, आणि लहान मुलांत हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त दिसतो. म्हणून झोपण्याआधी एक तास मोबाइल बंद असावा. बाप येतोच नऊला तर हे जमवायचे कसे? तीन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. शिक्षकांना सांगा की अभ्यास दुसऱ्या दिवशी दाखवला तरी चालू द्या, किंवा वहीत लिहून द्या. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सुट्टीच्या दिवशी सकाळी उघडून धडा आधीच उतरवून ठेवता येतो. आणि वेळ बदलल्याचा निरोप पालकांनीच वाचावा, त्यासाठी मुलाच्या हातात मोबाइल द्यायची गरज नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन देऊच नये, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांपेक्षा कमी. टीव्हीही यात धरायचा.

डोळ्यांबद्दल थोडक्यात. मोबाइलने डोळे लगेच "जात" नाहीत. पण तासन्‌तास जवळ पाहणे आणि उन्हात न खेळणे यामुळे लांबचे न दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता वाढते. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब काहीतरी पाहायला सांगा आणि रोज मोकळ्यावर खेळू द्या. वर्गातल्या डिजिटल फळ्यावरचे वाचायला मूल डोळे बारीक करत असेल, पुढचा बाक मागत असेल, तर नंबर तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

प्रोजेक्टर लावला की खिडक्या बंद

ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पडद्यावरचे चित्र नीट दिसावे म्हणून खिडक्या लावतात, आणि हिवाळ्यात थंडी वाजते म्हणूनही लावतात. चाळीस-पन्नास मुले बंद खोलीत तासभर बसली की एका मुलाचा सर्दी-खोकला सगळ्यांना वाटला जातो. प्रोजेक्टरचा तास संपला की दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि एरवीही वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी उघडी असावी. शिक्षक हे सहज ऐकतात, फक्त कोणीतरी सांगावे लागते.

दमा असलेले मूल

थंड, कोरडी हवा नाकातून गरम न होता छातीत गेली की दमा असलेल्या मुलाच्या श्वासनळ्या आकसतात. त्यात कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या जाळल्याचा धूर आणि पहाटेची चूल. मूल पहाटे खोकत असेल, शाळेत पळाल्यावर छाती वाजत असेल, तर "थंडीचा खोकला" म्हणून सोडून देऊ नका. रोजचा पंप चांगले वाटते म्हणून हिवाळ्यात बंद करू नका. तो स्पेसर लावून द्या आणि घाईत चुकू नये म्हणून दात घासण्याच्या आधीच द्या. नाका-तोंडावर सुती रुमाल बांधून पाठवा. तातडीचा पंप दप्तरात असावा आणि तो कधी घ्यायचा हे वर्गशिक्षकांना माहीत असावे. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील तर पंप देत देत लगेच रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

सिकलसेल असलेले मूल : इथे थंडी धोक्याची आहे

आपल्या भागात याविषयी सविस्तर सांगणे भाग आहे. नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांतल्या आदिवासी समाजांत, सिकलसेल आढळतो. तिथली मुले शिक्षणासाठी किंवा आई-वडिलांच्या कामासाठी आपल्याकडेही येतात. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, हिवाळ्यात पाणीही कमी प्यायले जाते, आणि हाडे, पाठ, पोट असह्य दुखू लागते. बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे शाळेत हे मूल "नाटक करते" असा समज होतो. एका मुलाने मला सांगितले होते की सकाळच्या प्रार्थनेला तो हात बगलेत धरून उभा राहायचा आणि त्यासाठी रोज बोलणी खायचा. त्याला सिकलसेल आहे हे त्याच्या शिक्षकांना कोणी सांगितलेच नव्हते.

अशा मुलाला पहाटे गार पाण्याने अंघोळ घालू नका. कोमट पाण्याने, शक्यतो दुपारी घाला. हातमोजे, पायमोजे, कानटोपी घालूनच शाळेत पाठवा. गणवेशात बसत नाही म्हणून शाळेने काढायला लावू नये. पाण्याची बाटली सोबत द्या, तास चालू असतानाही पाणी प्यायची आणि लघवीला जायची मुभा मागा. स्वच्छतागृह नको म्हणून पाणीच न पिणाऱ्या मुलींकडे जास्त लक्ष हवे. प्रार्थना उन्हात व्हावी, खेळाच्या तासाला दमेपर्यंत पळवू नये. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर एकही दिवस चुकवू नका.

१०१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक हात-पाय लुळा पडणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगून मूल पांढरे पडणे, यांपैकी काहीही झाले तर शाळा सुटायची वाट पाहू नका. प्राथमिक उपचार जवळच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गरजेप्रमाणे जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे लागेल. नुसते वाहक असलेल्या मुलाला सहसा हा त्रास होत नाही, त्याला उगीच घरी बसवू नका.

फिट येणारी आणि इन्सुलिन घेणारी मुले

झोप मोडली की फिट येण्याचा धोका वाढतो. घाईत सकाळची गोळी राहिली तर आणखी वाढतो. शाळेची वेळ बदलली तरी गोळीची वेळ बदलू नका. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाने नाश्ता न करता निघू नये. वेळ मागे-पुढे झाली तर डोस आणि डबा कसा जुळवायचा हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

शाळेला काय लिहून द्यावे?

तोंडी सांगितलेले शिक्षक बदलले की विसरले जाते. डॉक्टरांकडून साध्या मराठीत अर्धा पान चिठ्ठी घ्या : आजाराचे नाव, कोणती सवलत हवी, कोणती लक्षणे दिसली तर पालकांना फोन करायचा आणि कोणती दिसली तर आधी १०८ ला. खाली दोन मोबाइल क्रमांक, त्यातला एक दिवसा घरी असणाऱ्या माणसाचा. तीन प्रती काढा. एक मुख्याध्यापकांना द्या, एक वर्गशिक्षकांना, आणि एक दप्तराच्या आतल्या खणात प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा, कारण एसटीत मुलाला त्रास झाला तर कंडक्टरच्या हाती तीच लागणार आहे.